फरशीत साठलेली ऊब

सिंगापुरात राहून घरं गरम ठेवायची यंत्रं बनवायची, याचं प्रियदर्शिनी मेश्रामला सुरुवातीला स्वतःलाच हसू यायचं. वुडलँड्सच्या फ्लॅटमधून निघून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, गाठेपर्यंत पाठीला कुर्ता चिकटायचा, आणि पाया लेबारच्या ऑफिसात पोचल्यावर दिवसभर विचार करायचा तो उणे तीस अंशांत गोठणाऱ्या घरांचा. नागपूरच्या नातेवाइकांना ती कामाबद्दल सांगायला गेली की ते विचारायचे, "तिकडं थंडी असते का?" ती म्हणायची, "नसते. पण थर्मोस्टॅट इथे बसूनही बनवता येतो."

तिच्याकडे आलेलं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. थंड देशांतल्या काही घरांत फरशीखालच्या काँक्रीटमध्ये पाण्याच्या नळ्या पुरलेल्या असतात. बॉयलर पाणी तापवतो, पाणी काँक्रीट तापवतं आणि काँक्रीट खोली. खोली बावीस अंशांवर आली की थर्मोस्टॅट बॉयलर बंद करतो, पण काँक्रीट थोडंच कुणाचं ऐकतं? गॅस बंद केल्यावरही तवा तापलेला राहतो आणि त्यावरची पोळी करपते, तशी ती फरशी पुढे दोन-तीन तास उष्णता सोडत राहते. बावीसची खोली पंचवीसवर जाते. माणसं घामाघूम होतात, खिडक्या उघडतात, मग पुन्हा गारठतात. यावर उपाय एकच. खोली बावीसवर पोचायच्या बऱ्याच आधी बॉयलर थांबवायचा आणि उरलेली वाट काँक्रीटमधल्या उबेला चालू द्यायची. किती आधी थांबायचं, हे प्रत्येक घराचं निराळं. ते यंत्राने आपलं आपण शिकावं, अशी प्रियदर्शिनीने त्याची रचना केली होती.

चाचणीसाठी घरं हवी होती, आणि एक घर तिच्या थोरल्या बहिणीचं होतं. मीनल आणि तिचा नवरा प्रीतम कॅनडात एडमंटनला राहायचे. प्रियदर्शिनीचे मॅनेजर प्रबोध पुण्याचे, स्वभावाने सावध. ते तेव्हाच म्हणाले होते, "घरच्यांचं घर चाचणीत नको गं. काही बिघडलं तर तू इंजिनिअर राहणार नाहीस, बहीण होशील." पण तशा फरशीची घरं मिळत नव्हती, म्हणून शेवटी त्यांनीही होकार दिला.

हे सगळं २०१६ च्या पावसाळ्यातलं. डिसेंबरात मीनल बाळंत झाली, सिझेरियन झालं. नागपुराहून त्यांची आई शांताबाई बाळंतपणाला गेली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली ती थेट बर्फातच उतरली.

जानेवारीतली ती दुपार. प्रियदर्शिनी खालच्या हॉकर सेंटरमधून जेवून वर आली आणि सवयीने तिने चाचणीतल्या घरांचे आलेख उघडले. बाकीच्या घरांच्या रेषा शांत होत्या. मीनलच्या घराची रेषा पाहून ती खुर्चीत बसता बसता थांबली.

बाळंतिणीच्या खोलीतला सेन्सर एकोणीस अंश दाखवत होता. हवे होते तेवीस. तिथल्या संध्याकाळपासून बॉयलर एकदाही थांबला नव्हता. आणि त्याच खोलीच्या फरशीतला, काँक्रीटमध्ये पुरलेला दुसरा सेन्सर एकोणचाळीस सांगत होता. एरवी तो तिशीच्या आसपास असायचा. फरशी प्रमाणाबाहेर तापली की बॉयलर आपोआप थांबावा, ही सोय करायची ठरली होती, पण ती यंत्राच्या पुढच्या आवृत्तीत. आज मीनलच्या भिंतीवर जे होतं, त्याला खोली थंड आहे एवढंच कळत होतं, आणि ते बिचारं खोली गरम करायच्या मागे लागलं होतं.

तिने मीनलला फोन लावला. वाजत राहिला. तिकडे मध्यरात्र होत आली होती. बाळ उठू नये म्हणून मीनल फोन मुका करून ठेवायची, आणि टाक्यांच्या दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली की ती अगदी मेल्यासारखी झोपायची. प्रियदर्शिनीने आईला लावला. आईचा फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला असायचा. प्रीतम उत्तरेकडे तेलाच्या खाणीवर दोन आठवड्यांच्या पाळीला गेला होता. त्याचा फोन लागेच ना.

ती उठून प्रबोधच्या टेबलापाशी गेली. "प्रबोधसर, एक मिनिट या. मीनलताईच्या घरी काहीतरी भयंकर चाललंय."

प्रबोधनी उभ्या उभ्या आलेख पाहिला. मग खुर्ची ओढून बसले.

"खिडकी," ते म्हणाले. "खिडकी उघडी राहिलीय. फरशी एवढी तापलीय आणि खोली एकोणीसवर, म्हणजे ऊब बाहेर जातेय. तिथे आत्ता काय आहे बाहेर?"

"उणे एकतीस."

"मग बॉयलर चालू आहे हे नशीब समज. त्याला हात लावू नकोस."

"आणि खिडकी उघडी नसेल तर?"

"म्हणजे?"

"सेन्सर खोलीत नसेल तर?" ती म्हणाली. "कुणी उचलून दुसरीकडे ठेवला असेल. पॅसेजमध्ये, बाहेरच्या दाराजवळ, कुठेतरी फरशीत नळ्या नसलेल्या गार जागी. तो सांगतोय तिथलं तापमान, आणि तापतेय बाळाची खोली. फरशी एकोणचाळीसवर असेल तर बंद खोली आत्ता एकतीस-बत्तीस अंशांवर असेल, सर. आणि आईने बाळाला टोपी, दुपटं, वर लोकरीची शाल असं गुंडाळलं असणार. मला माहीत आहे ना ती."

दोघांनाही एकच पेच दिसत होता आणि तो सुटत नव्हता. खिडकी उघडी असेल आणि त्यांनी बॉयलर बंद केला, तर उणे एकतीसच्या वाऱ्यात बाळ आहे. सेन्सर हललेला असेल आणि त्यांनी काही केलं नाही, तर तीन आठवड्यांचं पोर भट्टीत आहे. पडद्यावरचे आकडे दोन्ही गोष्टींना सारखेच लागू पडत होते.

"घरमालकाने सांगितल्याशिवाय आपण कुणाच्या घरातल्या यंत्राला इथून हुकूम पाठवत नाही," प्रबोध हळू आवाजात म्हणाले. "नियम म्हणून सांगत नाहीये मी. आपण इथून अंदाजाने बटणं दाबायला लागलो आणि अंदाज चुकला तर काय, म्हणून तो नियम आहे. तुझी बहीण आहे तिथे. तू जरा बाजूला हो, मी बघतो."

"मी बाजूला होणार नाही."

शेजारच्या टेबलावर वेई लिन बसायची. या दोघांचं मराठी तिला कळत नव्हतं, पण चेहरे कळले. "What happened?" तिने विचारलं. प्रबोधनी दोन वाक्यांत सांगितलं. ती लगेच एडमंटनच्या तातडीच्या मदतीचा नंबर शोधायला लागली. परदेशातून तिथला नेहमीचा तीन आकडी नंबर लागत नाही, लांबचा नंबर शोधावा लागतो. तो तिने लावला, फोन कानाला धरला आणि रेकॉर्ड केलेला आवाज ऐकत उभी राहिली.

प्रियदर्शिनी पुन्हा पडद्याकडे वळली. विचार कर, ती स्वतःला म्हणाली. खिडकी उघडल्यावर काय बदलतं आणि सेन्सर उचलल्यावर काय बदलतं? तापमान दोन्हीत उतरतं. हवेतला ओलावा दोन्हीत उतरतो. मग असं काय आहे, की जे फक्त जागा बदलल्यावर बदलेल?

सेन्सर बिनतारी होता. पॅसेजच्या भिंतीवर मुख्य पॅनल होतं, आणि सेन्सर त्याला दर थोड्या वेळाने तापमान कळवायचा. त्यासोबत आपला सिग्नल किती जोरात पोचतोय, हेही पोचायचं. तो आकडा कुणी बघायचं नाही. बॅटरी संपत आली की नाही, एवढ्यापुरताच तो जमा केलेला असे.

तिने तो उघडला. गेले कित्येक आठवडे सिग्नल क्षीण होता, मध्ये दोन भिंती असल्यासारखा. तिथल्या संध्याकाळी तो एकदम चढला होता आणि तेव्हापासून चढलेलाच होता. नेमक्या त्याच वेळी तापमान एकोणीसवर घसरलं होतं.

"सर, हे बघा. खिडकी उघडल्याने सिग्नल वाढत नाही. तो पॅनलच्या जवळ आलाय."

"खोलीचं दार उघडं टाकलं असेल."

"दार तर रोज उघडतं. मागचे सगळे दिवस बघा, दार उघडल्यावर थोडासाच वाढतो आणि पुन्हा उतरतो. एवढा कधी वाढलेला नाही. कुणीतरी तो उचलून पॅसेजमध्ये आणलाय."

प्रबोधनी मागचे दिवस पाहिले. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"खात्री आहे?"

"नाही. पण मला हेच खरं वाटतंय."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "बंद कर. हुकूम माझ्या लॉगिनवरून जाऊ दे. उद्या कुणी विचारलं तर मी सांगेन."

तिने बॉयलर बंद केला. पडद्यावरची खूण विझली. वेई लिनने मान हलवून विचारलं, झालं का? प्रियदर्शिनीने नकारार्थी मान हलवली. झालं काहीच नव्हतं, आणि हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. बॉयलर थांबला तरी एकोणचाळीस अंशांची फरशी तिथेच होती. संध्याकाळपासूनची सगळी ऊब काँक्रीटमध्ये साठली होती आणि ती आता वरच येणार होती. तिनेच काढलेला आलेख सांगत होता, की खोली अजून बराच वेळ तापतच जाईल. आता यंत्राच्या हातात काही नव्हतं. तिथे कुणीतरी जागं व्हायला हवं होतं.

"पॅनलमध्ये बीपर आहे," ती एकदम म्हणाली.

बसवणाऱ्या माणसाला पॅनल जोडलं गेलं की नाही हे कळावं म्हणून त्यात एक छोटा बीपर होता. हुकूम पाठवला की थोडा वेळ वाजायचा आणि गप्प व्हायचा. एरवी तो आवाज सगळ्यांना नकोसा वाटायचा. तिने हुकूम पाठवला. बीपर वाजून थांबला की पुन्हा पाठवला. पुन्हा. पुन्हा. सातासमुद्रापलीकडे, बर्फाने वेढलेल्या एका अंधाऱ्या घरात ते यंत्र किंचाळतंय आणि ते ऐकणारं कुणी आहे की नाही, हे इथे कळायला मार्ग नव्हता. इथे फक्त 'पोचलं' एवढं उमटत होतं. ती मध्ये मध्ये आईचा नंबर लावत होती, प्रबोध मीनलचा. खिडकीबाहेर पाया लेबारच्या रस्त्यावर लख्ख ऊन पडलं होतं आणि लोक आईस्क्रीम खात सिग्नलला उभे होते.

मग पडद्यावरचं घर काळं पडलं.

पॅनलचा संपर्क तुटला होता. तापमान नाही, सिग्नल नाही, काही नाही.

"वीज गेली?" प्रबोध म्हणाले.

आतापर्यंत निदान आकडे तरी होते. प्रियदर्शिनी नुसती त्या काळ्या चौकोनाकडे बघत राहिली. आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई.

"प्रिया, काय वं, कामात आहेस का?" शांताबाईंचा आवाज चढला होता. "तुह्या यंत्रानं घर डोक्यावर घेतलं ना बाप्पा! कवापासून टुंई टुंई, टुंई टुंई. पोरगं उठलं असतं. म्या भिंतीवरून उपसून ठेवलं."

"आई, बाळाच्या खोलीत जा."

"आत्ता कुठं निजलं ते..."

"आई, आत्ता जा! धावत जा! फोन ठेवू नको, घेऊन जा!"

ती आईवर अशी कधी ओरडली नव्हती. पलीकडून स्लिपरांचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, आणि मग आईचा श्वास घेतल्याचा आवाज.

"अवं माय..."

"आई? काय झालं?"

"भट्टी झाली वं इथं. मीनल! ए मीनल, ऊठ ना! अवं ऊठ!"

"आई, बाळ कसं आहे?"

"लाल झालं. आंग नुसतं पोळून राह्यलं. डोळे नाही उघडत वं..."

प्रबोधनी फोन स्पीकरवर टाकायची खूण केली. प्रियदर्शिनीने टाकला. "टोपी काढ. शाल, दुपटं, सगळं काढ. त्याला उचलून पॅसेजमध्ये आण, तिथे गार आहे. बाहेर नेऊ नकोस, खिडकीशी नेऊ नकोस, फक्त पॅसेज. कोमट पाण्याने अंग पूस. ताई उठली का?"

मीनलचा झोपेतला, घाबरलेला आवाज आला. मग दोघी एकदम बोलायला लागल्या, काही कळेना. नळ सोडल्याचा आवाज. आई पुटपुटत होती, "नमो बुद्धाय, नमो बुद्धाय." इकडे वेई लिनला एकदाचं माणूस मिळालं होतं. ती खिडकीकडे तोंड करून, पत्ता एकेक अक्षर सुटं करून सांगत होती. "Newborn, yes. Three weeks only. Please send ambulance."

आणि मग फोनमधून एक बारीक, किरकिरं रडू आलं. थांबलं. पुन्हा आलं, आणि या वेळी मोठं.

प्रबोध खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला. प्रियदर्शिनीला रडू फुटलं नाही. ती म्हणाली, "ताई, त्याला पाजायला घे. घेतोय का?"

"घेतोय," मीनल म्हणाली. "थोडं थोडं घेतोय. प्रिया, हे झालं कसं?"

"नंतर सांगते. अँब्युलन्स येतेय. दार उघडायला आईला पाठव."

बाळाच्या अंगात ताप निघाला. एवढ्या लहान बाळाचा ताप कशाने आलाय हे बघितल्याशिवाय सोडता येत नाही, असं हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं आणि त्याला ठेवून घेतलं. प्रबोध म्हणाले घरी जा, पण ती गेली नाही. वेई लिनने तिच्यासमोर कॉफी आणून ठेवली, ती तशीच गार झाली. ऑफिस रिकामं झालं आणि बाहेर दिवे लागले तेव्हा मीनलचा निरोप आला. ताप उतरलाय, जंतूंचा काही संसर्ग नाही, आणखी एक दिवस बघून सोडतील. तेव्हा मात्र ती बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडली.

मीनलचा फोन दुसऱ्या दिवशी आला, आणि तो साधा नव्हता.

"सेन्सर आईने हलवला," मीनल म्हणाली. "बाहेरच्या दारापाशी चपलांच्या रॅकवर ठेवला. मला काही बोलली नाही. आणि तू, प्रिया, तू हे खेळणं माझ्या घरात बसवलंस. मी कुणाला बोलू?"

"मला बोल."

"तेच करतेय," मीनल म्हणाली आणि बराच वेळ बोलली. प्रियदर्शिनीने ऐकून घेतलं. शेवटी मीनलने सांगितलं, की तिने कुणाला तरी बोलावून भिंतीवर जुना, साधा थर्मोस्टॅट परत लावून घेतलाय. मग फोन आईकडे दिला.

"म्याच ठेवलं ते," शांताबाई म्हणाल्या.

"पण का गं आई?"

"मले वाटलं बिघडलं. फरशी जरा गरम झाली का ते बंद. हात लावून पाह्यलं म्या, चार दिवस पाह्यलं. खोली अजून गरम व्हायचीच असते, आन् हे आपलं बंद. बाळंतिणीले शेक नको का? तिच्या पायात गोळे येऊन राह्यले होते. म्हटलं, याले गारव्यात ठेवावं, म्हणजे चालू राहीन. माह्या हातानं झालं वं हे."

खोली तापायच्या आधीच बॉयलर थांबतो, याचा प्रियदर्शिनीला किती अभिमान होता. त्याचे आलेख तिने सगळ्यांना दाखवले होते. आईला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या घरात रोज फरशीला हात लावून बघणारं एकच माणूस होतं, आणि त्याच्या लेखी ते यंत्र कामचुकार होतं.

"ते बिघडलं नव्हतं आई," ती म्हणाली. "फरशीत ऊब उरलेली असते. ती नंतर वर येते, म्हणून ते आधी थांबतं."

"मंग तसं सांगाचं ना त्यानं."

चाचणी थांबली. प्रबोधना वरच्या साहेबांसमोर दोन वेळा उभं राहावं लागलं आणि त्यांनी हुकूम आपणच पाठवल्याचं सांगितलं. प्रियदर्शिनी त्यांच्या मागोमाग आत गेली आणि निर्णय दोघांचा होता असं सांगून आली. बोलणी दोघांनाही बसली. पण काम काढून घेतलं नाही. फरशीची मर्यादा आता सगळ्यात आधी घातली गेली. फरशी आणि खोली यांचा मेळ बसत नसेल तर यंत्राने सेन्सरवर विश्वास ठेवायचा नाही, बॉयलर थांबवायचा आणि माणसाला हाक मारायची, अशी सोय झाली. ते सगळं नीट बसायला उन्हाळा उजाडला.

राहिलं होतं ते पॅनलवरचं वाक्य. बॉयलर लवकर थांबला की माणसाला काय दाखवायचं? ऑफिसात चार जणांनी चार वाक्यं सुचवली, सगळी बोजड. प्रियदर्शिनीने नागपूरला आईला फोन लावला.

"मले काय समजते त्यातलं?" शांताबाई म्हणाल्या.

"तुला भिंतीवर काय दिसलं असतं तर तू सेन्सर हलवला नसतास?"

आईच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "लिही का, बंद नाही पडलो. फरशीत ऊब आहे, थोडं थांबा."

तिने ते इंग्रजीत केलं. प्रबोधनी वाचलं, एक शब्द कमी केला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "राहू दे."

ऑक्टोबरात एडमंटनला पहिला बर्फ पडला तेव्हा मीनलचा फोन आला. बाळ मागे कुठेतरी जोरजोरात भांडी आपटत होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "तो जुना डबा खोली नुसती उकडवतो गं. रात्री दोनदा उठून खिडकी उघडते मी. तुझं नवीन झालं का तयार?"

"झालंय."

"मग पाठव. पण सेन्सर भिंतीला स्क्रूने बसव म्हणावं त्या माणसाला."